काजव्याला बरणीत भरू नका, वर्गात अंधार करा

'काजव्यांची बरणी' हा हस्तकलेचा प्रकार प्राथमिक शाळांमधून कायमचा जावा, असं मला मनापासून वाटतं. प्लास्टिकची बरणी घ्यायची, आतून चमकी किंवा पिवळे ठिपके चिकटवायचे, वर झाकण लावायचं, झाला काजव्याचा पाठ. प्रदर्शनात बरणी छान दिसते, फोटोही सुंदर येतात. पण त्यातून मुलाच्या मनात राहतं ते एवढंच, की काजवा ही पकडून ठेवायची शोभेची वस्तू आहे. तो का चमकतो, कुणासाठी चमकतो, वर्षभर कुठे असतो, यातलं काहीही त्या बरणीत मावत नाही.

मी सह्याद्रीच्या कुशीतल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. मे महिन्याच्या शेवटी, वळवाचे दोनचार शिडकावे झाले की आमच्याकडे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं रात्री लखलखू लागतात. भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी, तिकडे मावळात राजमाची, सगळीकडे हेच दिवस. पाऊस नीट लागला की संपलं. म्हणजे काजवे येतात ते नेमके सुट्टीत, आणि पंधरा जूनच्या सुमारास शाळा उघडते तेव्हा त्यांचा बहर ओसरत असतो. म्हणूनच माझं म्हणणं आहे की हा विषय परिसर अभ्यासातल्या कीटकांच्या पाठाची वाट बघत ठेवू नये. पहिल्याच आठवड्यात घ्यावा. मुलांच्या डोळ्यांत ते ताजं असतं, आणि पुस्तकं-वह्या अजून सगळ्यांकडे आलेल्याही नसतात.

माझ्या वर्गात सगळ्यात रंगतो तो जोडी शोधण्याचा खेळ. खिडक्यांना सतरंज्या आणि जुन्या चादरी लावायच्या. पूर्ण काळोख होत नाही, पण पावसाळी आभाळ असलं की भागतं. विजेऱ्यांना पिवळा किंवा हिरवा जिलेटिन कागद रबराने बांधायचा. अर्धी मुलं नर, अर्धी मुलं माद्या. प्रत्येक जोडीच्या खुणा वेगळ्या आणि त्या चिठ्ठीवर लिहिलेल्या. नराची खूण दोन आखूड, तर त्याच्या मादीचं उत्तर मनात दोन आकडे मोजून एक लांब. दुसऱ्या जोडीचं एक लांब, एक आखूड, आणि उत्तर लगेच. माद्या जागेवर बसून राहतात, नर हळूहळू फिरतात. बोलायचं नाही, हसायचं नाही, हात लावायचा नाही. विजेरीवर तळहात ठेवायचा आणि काढायचा, एवढंच.

बऱ्याच जातींच्या काजव्यांमध्ये खरोखर असंच चालतं. नर उडता उडता आपल्या जातीची खूण देतो, गवतावर किंवा पानावर बसलेली मादी ठरावीक वेळाने उत्तर देते. जगात काजव्यांच्या 2000 हून जास्त जाती आहेत. एकाच रानात दोनतीन जाती असल्या तर आपलं माणूस ओळखायचं कसं? लय ओळखायची, उत्तर किती वेळाने आलं ते ओळखायचं. हे तिसरीतल्या मुलाला फळ्यावर समजावायला गेलं तर अर्धा तास जातो आणि तरी ते डोक्यात शिरत नाही. खेळात मात्र चुकीच्या मादीपाशी जाऊन परत फिरलेला मुलगा ते स्वतःच सांगतो: "बाई, तिनं लय लवकर दिलं!"

सगळ्या जोड्या जमल्या की तोच खेळ पुन्हा लावायचा, पण या वेळी ट्यूबलाइट चालू ठेवून आणि चादरी काढून. मुलं डोळे बारीक करून बघतात, विजेरी अगदी नाकाशी नेतात. कुणी चिडतं, कुणी "दिसतच नाही" म्हणून खाली बसतं. माझ्या मते अख्ख्या पाठाचा प्राण इथे आहे. यानंतर शिक्षकाने भाषण करू नये. फक्त विचारावं, "आता काजव्यानं काय करायचं?" उत्तरं मुलांकडूनच येतात, आणि त्यात गावातल्या नव्या हॅलोजनचा खांबही येतो, झाडाखाली लावलेल्या गाडीचे दिवेही येतात. जगभरातल्या काजवा-अभ्यासकांना, काजव्यांना सगळ्यात मोठा धोका कशाचा, असं विचारून केलेली एक पाहणी 2020 साली प्रसिद्ध झाली. त्यात राहण्याची जागा नष्ट होणं पहिलं आलं आणि त्यामागोमाग कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं. आमच्या मुलांनी यातलं उजेडाचं उत्तर ट्यूबलाइटच्या एका बटणावरून काढलेलं असतं.

तिसरी फेरी मुलं मागून घेतात. त्यात एक 'फसवी' असते. अमेरिकेत फोट्युरिस नावाचे काजवे आहेत. त्यांच्या माद्या दुसऱ्या जातीच्या मादीची खूण हुबेहूब देतात आणि फसून जवळ आलेल्या नराला खाऊन टाकतात. हे अमेरिकेतलं आहे हे स्पष्ट सांगायचं, नाहीतर मुलं घरी जाऊन आजीला घाबरवतात.

आमच्याकडे झाडंच्या झाडं एका तालात उघडमीट करताना दिसतात, त्यावर मुलांचा ठरलेला प्रश्न असतो, "त्यांना कोण सांगतं?" याला टाळ्यांचा खेळ पुरतो. सगळ्यांनी डोळे मिटायचे, कुणी आकडे म्हणायचे नाहीत, आपापल्या वेगाने टाळी वाजवत राहायचं आणि शेजाऱ्याकडे कान द्यायचा. आधी नुसता गोंधळ, आणि थोड्या वेळाने आपोआप एक ठेका. पुढारी कुणीच नाही. काजव्यांचंही तसंच, शेजाऱ्याकडे बघून प्रत्येक जण आपली वेळ थोडी मागेपुढे करतो, बस्स.

उजेड कसा तयार होतो हे मी लहान वर्गात थोडक्यात आटपते. पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ असतो, तिथे हवेतला ऑक्सिजन पोहोचला की उजेड पडतो आणि चटका बसण्याइतकी उष्णता निघत नाही. जुना तारेचा बल्ब कुणाकडे असला तर त्याच्याजवळ हात धरून फरक कळतो. रासायनिक नावं पाठ करून घेऊ नयेत.

त्याऐवजी वेळ द्यावा तो बारा चौकोनांच्या कागदी पट्टीला. एक चौकोन म्हणजे एक महिना. पंखवाला, चमकणारा काजवा जगतो साधारण दोनतीन आठवडे, त्याला पिवळा रंग. अंडी आणि कोष यांनाही थोडीशीच जागा. उरलेली जवळजवळ सगळी पट्टी अळीची, तिला मातकट रंग द्यायचा. पट्टी रंगवून झाली की मुलं गप्प होतात, कारण त्यांनी पाहिलेला काजवा त्या पट्टीत जेमतेम अर्ध्या-पाऊण चौकोनाएवढा असतो. बाकीचे महिने तो ओल्या मातीत, पालापाचोळ्याखाली गोगलगायी आणि गांडुळं खात वाढत असतो. अळीही चमकते, हे तर मोठ्यांनाही ठाऊक नसतं. मग शाळेच्या कुंपणापाशी पाचोळा उचलून बघायचा, गोगलगाय दिसते का, माती ओली आहे का, आणि पाचोळा होता तसा परत ठेवायचा. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागतो तेव्हा पिवळ्या चौकोनाचं काय होतं, हे त्या पट्टीकडे बघून मुलं विचारतात. मला हे कुठल्याही स्वाध्यायपुस्तिकेपेक्षा मोलाचं वाटतं.

शहरातल्या शिक्षकांनी आमच्याकडे काजवे नाहीत म्हणून हा विषय सोडू नये. अंधार करायला एक खोली आणि चार विजेऱ्या कुठेही मिळतात. उलट सहलीला येणारी मुलं तुमच्याच वर्गातली आहेत. मोबाइलचा दिवा झाडावर मारून "दिसला, दिसला" म्हणणारा मुलगा वाईट नसतो, त्याला कुणी तो ट्यूबलाइटचा खेळ खेळवलेला नसतो.

आणि आमच्या मुलांच्या घरी तंबू आहेत, चुलीवरची भाकरी आहे, वाट दाखवणारे काका-मामा आहेत. या दिवसांवर घरात चार पैसे येतात. त्यांना 'पर्यटक येऊ नयेत' असं शिकवणं मला मान्य नाही. यंदा पालकसभेत हाच खेळ मी पालकांना खेळवणार आहे, विजेऱ्या आणि चिठ्ठ्या त्याच. माद्या व्हायला आयांनी आधीच होकार दिलाय, ट्यूबलाइटचं बटण चौथीतली पोरं सांभाळणार आहेत.