‘शंभरात एखादेच दगावते’ : जिवंत मेंढ्या-शेळ्यांच्या सागरी व्यापाराविषयीच्या दाव्यांचा प्रतिवाद

जिवंत मेंढ्या आणि शेळ्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराची बाजू मांडणारा एक मजकूर मोठ्या प्रमाणावर पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : जहाजावर शंभरातले एखादेच जनावर दगावते, म्हणजे प्रवासात हाल होत नाहीत, आरोग्य प्रमाणपत्राशिवाय एकही जनावर चढत नसल्याने धोका उरत नाही, आखाती देशांना धार्मिक कारणांसाठी जिवंत जनावरच बाहेरून आणावे लागते, आणि ऑस्ट्रेलियाने ‘पशुनिर्यातीवर’ घातलेल्या बंदीमुळे तिथल्या मेंढपाळांचे नुकसान आणि इतर देशांचा फायदा याखेरीज काही होणार नाही. यातल्या शेवटच्या विधानात तथ्याचा अंश आहे. बाकीची तपासून पाहिली की टिकत नाहीत.

मृत्यूदराचा मुद्दा सर्वांत जास्त दिशाभूल करतो. ऑस्ट्रेलियाहून आखातापर्यंतचा समुद्रप्रवास साधारण दोन ते तीन आठवड्यांचा असतो. तीन आठवड्यांत १ टक्का मृत्यू म्हणजे त्याच गतीने वर्षाला सुमारे १७ टक्के. आणि जहाजावर चढवलेली जनावरे तर आधीच निवडून, तपासून घेतलेली धडधाकट जनावरे असतात. आपल्या कळपातली सहावी-सातवी मेंढी दरवर्षी मरते, हे कोणता मेंढपाळ सामान्य मानील?

दुसरे म्हणजे, मृत्यूदर केवळ मेलेल्यांची मोजदाद करतो. जगलेल्यांनी काय सोसले ते त्यात येत नाही. मेंढीच्या अंगावर लोकर असल्याने ती घामाने फारशी थंड होऊ शकत नाही, ती धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकते. हवा कोरडी असेल तोवर हे जमते. पर्शियन आखातात उन्हाळ्यात हवा इतकी दमट असते की धापा टाकूनही उष्णता बाहेर जात नाही, आणि रात्रीही उतार पडत नाही. त्यात बंदिस्त मजल्यांवर दाटीने उभ्या असलेल्या हजारो जनावरांच्या अंगची उष्णता, मलमूत्रातून उठणारा अमोनिया, आणि वारा नेमका मागून जहाजाच्याच वेगाने वाहत असेल तर उघड्या मजल्यांवरचीही हवा हलत नाही. म्हणून कप्तानाला जहाज नागमोडी चालवावे लागते. तोंड उघडे, जीभ बाहेर, मान पुढे ताणलेली अशा अवस्थेत दिवस काढलेली मेंढी बंदरात जिवंत उतरली, तर आकडेवारीत ती यशस्वी वाहतूक ठरते. शिवाय कुरणावर वाढलेल्या काही मेंढ्या जहाजावरचे गोळ्यांच्या रूपातले खाद्य तोंडातच घेत नाहीत. उपासमार आणि तिच्या जोडीने येणारा साल्मोनेला या आतड्याच्या जिवाणूंचा संसर्ग हे या प्रवासातील मृत्यूंचे जुने, परिचित कारण आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाहून आखाताकडे निघालेल्या ‘अवासी एक्स्प्रेस’ या जहाजावर सुमारे ६४ हजार मेंढ्यांपैकी २,४०० उष्माघाताने मेल्या. टक्केवारीत हे चारच्याही आत बसते. पुढच्या वर्षी त्या प्रवासाची चित्रफीत लोकांसमोर आली, आणि ऑस्ट्रेलियात अहवालयोग्य मर्यादा, म्हणजे जितके मृत्यू झाले की सरकारला कळवावे लागते ते प्रमाण, २ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणली गेली. कोरड्या टक्केवारीने जे झाकले होते ते चित्रफितीने दाखवले.

प्रमाणपत्राने धोका संपतो, हेही खरे नाही. २००३ मध्ये ‘कॉर्मो एक्स्प्रेस’ या जहाजावरच्या सुमारे ५७ हजार ऑस्ट्रेलियन मेंढ्या तोंडावर फोड येण्याच्या रोगाचे कारण देऊन सौदी अरेबियाने नाकारल्या. जहाज कित्येक आठवडे समुद्रात राहिले, पाच हजारांहून अधिक मेंढ्या मेल्या, आणि अखेर एरिट्रियाने उरलेल्या उतरवून घेतल्या. २०१२ मध्ये बहरीनने अशीच एक खेप नाकारली. ती कराचीला नेण्यात आली आणि तिथे सुमारे २१ हजार मेंढ्या निर्दयपणे मारल्या गेल्या. कागदपत्रांवरून वाद झाला तर गोठवलेले मांस शीतगृहात थांबू शकते. जिवंत जनावराला त्या वादाच्या काळातही चारा, पाणी आणि हवा लागते. हा फरक कोणतेही प्रमाणपत्र मिटवू शकत नाही.

धार्मिक गरजेविषयी बोलताना आदर राखायला हवा, आणि तो वस्तुस्थिती नीट सांगूनच राखला जातो. हलाल पद्धतीने कत्तल निर्यातदार देशातही होते. न्यूझीलंडमध्ये ती अनेक वर्षे मोठ्या प्रमाणावर होत आली आहे. हजच्या काळातल्या कुर्बानीचे मांस गोठवून अनेक देशांतील गरजूंपर्यंत पोहोचवण्याचा प्रकल्प १९८३ मध्ये इस्लामिक डेव्हलपमेंट बँकेकडे सोपवला गेला. कुर्बानी एका देशात आणि मांस दुसऱ्या देशात, ही व्यवस्था धर्मात बसते हे त्यातून दिसतेच. ईदला स्वतःच्या समोर जनावर हवे असणाऱ्यांची मागणी खरी आहे. परंतु वर्षभराचा सारा व्यापार त्या मागणीवर चालत नाही. त्यामागे अनुदानाचाही मोठा हात होता : बहरीनने २०१५ मध्ये मांसावरचे अनुदान काढले आणि जिवंत ऑस्ट्रेलियन मेंढ्यांची तिथली मागणी ओसरली.

ऑस्ट्रेलियाचा कायदाही चुकीचा सांगितला जातो. जुलै २०२४ मध्ये संमत झालेल्या या कायद्याने १ मे २०२८ पासून फक्त मेंढ्यांची आणि फक्त समुद्रमार्गे होणारी निर्यात थांबेल. गुरे, शेळ्या आणि विमानाने होणारी वाहतूक त्यात येत नाही. मेंढपाळांना संक्रमणासाठी सुमारे १४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तरतूद आहे. ती पुरेशी आहे का, हा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांचा प्रश्न रास्त आहे. पण तो व्यापार बंदीने बुडवला असे म्हणता येणार नाही. शतकाच्या सुरुवातीला वर्षाला साठ लाखांहून अधिक मेंढ्या जात. कायदा येण्यापूर्वीच ही संख्या सात लाखांच्या खाली आली होती.

आता इतर देश जागा घेतील, या मुद्द्याकडे. काही प्रमाणात घेतीलच. मात्र सोमालियाला या वादात ढाल म्हणून पुढे करणे बरोबर नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनुसार २०१४ मध्ये त्या देशाने सुमारे ४६ लाख शेळ्या-मेंढ्या निर्यात केल्या. बर्बेरा आणि बोसासो या तिथल्या बंदरांहून अरबी द्वीपकल्प जवळ आहे आणि पशुपालकांपुढे शीतगृहांचा पर्याय फारसा नाही. अर्धी पृथ्वी ओलांडणाऱ्या प्रवासाचे समर्थन त्यांच्या गरजेवरून करता येत नाही. उलट नोव्हेंबर २०१९ मध्ये रोमानियाच्या मिदिया बंदराजवळ कलंडलेले ‘क्वीन हिंद’ हे जहाज, ज्यावरच्या १४ हजारांहून अधिक मेंढ्यांपैकी दोनशेसुद्धा वाचल्या नाहीत, आणि जून २०२२ मध्ये सुदानच्या सुआकिन बंदरात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त मेंढ्यांसह बुडालेले ‘बद्र १’ पाहता, एका देशाच्या बंदीपुरते थांबून चालणार नाही, असाच निष्कर्ष निघतो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१५ मध्येच निर्णय दिला आहे की युरोपीय संघातून निघालेल्या जनावरांच्या चारा-पाण्याचे आणि विश्रांतीचे नियम संघाच्या सीमेबाहेरही, मुक्कामाच्या ठिकाणापर्यंत लागू राहतात. जहाजावर किती जनावरे चढली, किती जागा दिली आणि वाटेत काय झाले याची तपासणी निर्यातदार आणि आयातदार दोन्ही देशांनी केल्याशिवाय तो नियम कागदावरच राहील.