गुणपत्रिका राहू दे, सातबारा आण

नीटमध्ये १४६ पडले? अभिनंदन, बाळा. तोंड लपवून बसू नकोस. ७२० पैकी १४६ म्हणजे जेमतेम वीस टक्के, असले हिशेब गणिताच्या सरांना करू देत. डॉक्टरकीच्या प्रवेशाला टक्के बघत नाहीत, पर्सेंटाइल बघतात. २०२५ साली खुल्या गटाचं ५० वं पर्सेंटाइल १४४ गुणांवर आलं होतं. तू दोन गुणांनी वरच. देशातल्या निम्म्या पोरांना मागे टाकलं, असं घरी छातीठोकपणे सांग. खोटंही नाही ते. १८० पैकी ३७ प्रश्न बरोबर, दोन चूक आणि उरलेल्या १४१ ना तू हातच लावला नाहीस. डोळे मिटून सगळीकडे 'बी' रंगवला असतास तरी सरासरीने ४५ मिळाले असते. म्हणजे वरचे शंभर निव्वळ तुझ्या अभ्यासाचे.

बारावीला पीसीबीत, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीत, ५० टक्के लागतात. ते झालेच असतील, प्रात्यक्षिकाचे मार्क त्यासाठीच असतात.

आता अर्ज. पसंतीक्रमात केईएम, बीजे ही नावं सर्वात वर टाक आणि त्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर सोड. यादी लागायच्या दिवशी मात्र मोबाइल बंद ठेव.

मग खरं कागदपत्र काढायचं: सातबारा. खासगी कॉलेजात १५ टक्के जागा संस्थात्मक कोट्याच्या असतात, त्यांची फी नेहमीच्या फीच्या कित्येक पट. शिवाय अभिमत विद्यापीठं आहेत. तिथे कुठे कुठे वर्षाला पंचवीस लाखांच्या पुढे जातं, वसतिगृह आणि मेस वेगळी. साडेचार वर्षांचा गुणाकार बाबांसमोर करू नकोस, त्यांचं बीपी मोजायला तू अजून शिकलेला नाहीस. जिरायत असेल तर तुझे मार्क जरा कमीच म्हणायचे. बागायत असेल तर ठीक. पण हायवेला लागून दोन एकर असतील तर तू जन्मजात गुणवंत! उताऱ्यावर आत्याचं नाव निघालं तर या भाऊबीजेला पैठणी जरा भारी घ्यायला सांग, आणि ओवाळून झाल्या झाल्या हक्कसोडपत्र पुढे कर. आजोबा सही करताना थोडे थांबतील. त्यांना म्हण, "आबा, तुमचा गुडघा मीच बघणार आहे."

तुझ्या बाकावरचा तो पोरगा आठवतो? त्याला तुझ्या तिप्पट मार्क होते. सरकारी थोडक्यात हुकलं. खासगीत नंबर लागला, पण फीचा आकडा ऐकून त्याचे वडील कॉलेजच्या गेटवरूनच एसटी स्टँडकडे वळले. मार्कांवर भरवसा ठेवला की असं होतं.

कुणी गुणवत्तेवरून टोमणा मारलाच, तर त्याला सांग की २०२३ साली पीजीच्या नीटचा कटऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणला होता. जागा रिकाम्या जात होत्या ना. खुर्ची रिकामी राहणं हे देशाचं नुकसान, खुर्चीत कोण बसतंय ही किरकोळ बाब.

जमीनच नसेल तर किर्गिझस्तान आहे, जॉर्जिया आहे. एजंट चहा पाजून सांगेल, "मेसमध्ये भारतीय जेवण मिळतं." पेशंटशी कुठल्या भाषेत बोलायचं, हे विचारून त्याला अडचणीत आणू नकोस. किमान ५४ महिने शिक, वर्षभर तिथेच इंटर्नशिप कर आणि गळ्यात स्टेथोस्कोप घालून परत ये. गावात फ्लेक्स लागेल, सरपंचांचा फोटो तुझ्यापेक्षा मोठा.

आल्यावर इथे डॉक्टरकी करायची तर एक छोटी परीक्षा असते. ३०० पैकी १५० लागतात. इथे मात्र पर्सेंटाइल चालत नाही रे, निम्मे म्हणजे निम्मेच. तेव्हा सरळ क्लास लाव. पहिल्या दिवशी बायोकेमिस्ट्री शिकवायला जो येईल, त्याला ओळखशील. बीएस्सी, एमएस्सी करून आता तो इथे शिकवतो. एकाच बाकावर बसलात म्हणून अरे-तुरे करायला जाऊ नकोस. सर म्हण.