मागची पट्टी टिपेपर्यंत का पोहोचत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. क्विल्टचा एकेक ब्लॉक (चौकोनी तुकडा) आधी क्विल्ट करायचा, म्हणजे वरचं कापड, मधलं बॅटिंग (भरणीचा थर) आणि खालचं कापड एकत्र शिवायचं, आणि मग पुढून-मागून पट्टी लावून हे ब्लॉक जोडायचे, ही पद्धत मी लिहिली होती. त्यावरची तुमची प्रतिक्रिया परखड आहे, पण प्रत्यक्ष शिवून पाहून लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते. तुमचे आक्षेप तीन. आधी क्विल्टिंग केलेले ब्लॉक पट्टीने जोडताना मागची पट्टी दुसऱ्या ब्लॉकच्या टिपेपर्यंत पोहोचत नाही. जोडांवर मशीन अडतं आणि टाके सुटतात. आणि शेवटी अख्खं क्विल्ट मशीनखाली घालावंच लागतं, मग घरच्या छोट्या मशीनला यात सोपं काय?

पहिला आक्षेप पूर्ण बरोबर आहे, चूक माझी. मी पुढची पट्टी १ इंच १ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि मागची दीड इंच असं माप दिलं होतं. पुढच्या पट्टीचा दोन्हीकडून पाव-पाव इंच शिलाईत गेला की ५ सूत दिसतात. मागची दीड इंची पट्टी लांबीत दुमडून पाऊण इंच होते, त्यातला पाव इंच शिलाईत जातो, उरतात ४ सूत. म्हणजे एक सूत कमी पडणारच, कितीही नीट शिवा. मागची पट्टी २ इंच कापा: दुमडून १ इंच, शिलाईनंतर ६ सूत, म्हणजे टीप झाकून एक सूत पुढे. पट्ट्या आधीच दीड इंचाने कापून झाल्या असतील तर पुढची पट्टी १ इंच करा. मग मागची पट्टी टिपेला जेमतेम टेकेल, पण हे पातळ बॅटिंगलाच जमतं. बॅटिंग जाड असेल तर उलट, पुढची सव्वा इंच आणि मागची सव्वादोन इंच घ्या, नाहीतर बॅटिंगच्या कडा पट्टीखाली एकमेकींवर चढतात आणि पट्टी फुगते. कडेचं बॅटिंग कापून मात्र काढू नका. पट्टीची पोकळी त्यानेच भरायची असते.

आता मशीन अडण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की दोन ब्लॉक समोरासमोर ठेवून शिवले आणि वरून पट्टी लावली. अडचण इथेच आहे. तसं केलं की एका टिपेखाली बॅटिंगचे दोन थर आणि कापडाचे चार थर येतात, आणि ती शिलाई उघडून सपाट बसत नाही. या पद्धतीत ब्लॉक ब्लॉकला शिवायचाच नसतो. पहिल्या ब्लॉकच्या पुढे एकेरी पट्टी, सुलट बाजू आत. त्याच ब्लॉकच्या मागे दुमडलेली पट्टी, तिच्या उघड्या कडा ब्लॉकच्या कडेला जुळवून. सगळं मिळून पाव इंचावर एकच टीप. नंतर मागची पट्टी बाजूला टाचून ठेवा आणि पुढच्या पट्टीची मोकळी कड दुसऱ्या ब्लॉकला शिवा. शेवटी मागची पट्टी त्या टिपेवर आणून तिची दुमड शिवून टाका. पहिल्या टिपेत कापडाचे पाच थर, दुसऱ्या टिपेत तीन, आणि बॅटिंग दोन्ही वेळा एकच. ९०/१४ ची नवी सुई, ३ मिलिमीटरचा टाका आणि शक्य असेल तर वॉकिंग फूट (वरचं कापडही खालच्याबरोबर पुढे सरकवणारा फूट), एवढ्यावर साधं मशीन हे शिवतं.

तरी आडव्या रांगा जोडताना उभ्या पट्ट्यांपाशी उंचवटा येतोच. फूट चढताना मागे कलतो, दात्यांची कापडावरची पकड सुटते आणि टाके एकाच जागी गोळा होतात. तिथे थांबून, सुई खाली ठेवून, फुटाच्या मागच्या भागाखाली त्याच जाडीची घडी घातलेलं कापड सरकवा, म्हणजे फूट पुन्हा सपाट होतो. ते चार-पाच टाके चाक हाताने फिरवून घ्या.

ब्लॉक लहान-मोठे झाले, हेही तुम्ही म्हटलंय. क्विल्टिंगने ब्लॉक आकसतो, आणि दाट शिलाईचा ब्लॉक विरळ शिलाईच्या ब्लॉकपेक्षा जास्त आकसतो. म्हणून तिन्ही थर हव्या त्या मापापेक्षा इंचभर मोठे ठेवायचे, आणि सगळे ब्लॉक क्विल्ट करून झाल्यावरच मोजपट्टी लावून काटकोनात कापायचे. सगळ्यात लहान ब्लॉक मोजा, बाकीचे त्याच्या मापाला आणा. कापताना कडेचे टाके तुटले तरी चिंता नको, पाव इंचाची टीप त्यांना धरून ठेवते.

तिसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. छोट्या मशीनला सुई आणि खांब यांच्यामधली जागा कमी असते, सहा-सात इंच. पण कडा जोडताना दोन्ही भाग एकावर एक येऊन सुईच्या डावीकडेच राहतात. उजवीकडे जातो तो फक्त पाव इंच. मशीनच्या हाताखाली गुंडाळी कोंबावी लागते ती मागच्या पट्टीवर मशीनने टीप मारायची ठरवली तरच. म्हणून ब्लॉकची रांग बनवताना ती टीप मशीनने मारा, लांब जोडांना मात्र हाताने तुरपा. टेबलाच्या डावीकडे आणि मागे आधाराला काहीतरी ठेवा. क्विल्ट खाली लोंबलं की त्याचं वजन सुईला ओढतं, सुई वाकते आणि प्लेटला लागते.

लांब पट्टी एका रांगेला शिवली की, दुसरी रांग टाचण्याआधी प्रत्येक उभ्या जोडासमोर पट्टीच्या मोकळ्या कडेवर खडूने खूण करा आणि दुसऱ्या रांगेचे जोड त्या खुणांवर आधी टाचा. मधला भाग नंतर. पट्ट्या उभ्या धाग्यात कापलेल्या असल्या तर ताणून लांब होत नाहीत, आणि खुणा शेवटपर्यंत जुळतात.