खारी हवा, बंद घर आणि तुमचा राग

नमस्कार,

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर हवेतले जंतू पाहायला मी उघड्या ठेवलेल्या पेट्री बशांच्या (जंतू वाढवायच्या उथळ, झाकणाच्या बशांच्या) लेखावर तुम्ही लिहिलंत: ‘खाऱ्या हवेत जंतू टिकत नाहीत, म्हणून तर दमेकऱ्यांना समुद्रकाठी राहायला सांगत. चार बशा उघड्या ठेवून शास्त्र होत नाही. उगाच पर्यटकांना घाबरवून कोकणाचं नाव खराब करू नका.’ हा राग गावाच्या मायेपोटी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बशांबद्दल तुमचं बरोबर आहे. उघड्या बशीत जड कण पडतात, बारीक कण वाऱ्यासोबत वरून निघून जातात. आणि पडलेल्यांपैकी बशीतल्या अगारवर, म्हणजे जंतूंना खाऊ घालणाऱ्या जेलीसारख्या थरावर, जे वाढू शकतं तेवढंच डोळ्यांना दिसतं. एवढ्यावरून दोन दिवसांच्या हवेची आकड्यांत तुलना करणं ही माझी चूक होती. तो परिच्छेद मी काढून टाकला आहे.

पण मीठ आलं की जंतू गेले, हे पटत नाही. खारवलेल्या सुक्या मासळीवर कधीकधी गुलाबी झाक चढते, ती तुम्हीही पाहिली असेल. ती मिठावाचून जगूच न शकणाऱ्या सूक्ष्मजीवांची असते. समुद्रात तर असे मीठ पचवणारे कितीतरी. लाट फुटली की पाण्यात हवा कोंडते, तिचे बुडबुडे वर येताना वाटेतले जिवाणू अंगाला चिकटवून आणतात आणि फुटताना तुषारांतून हवेत उडवतात. या तुषारांत जिवाणूंचं प्रमाण खालच्या पाण्याच्या १० ते १००० पट असू शकतं, असं ब्लँचर्ड आणि सिझडेक या संशोधकांनी १९७० साली दाखवलं. पुढे ऊन आणि कोरडेपणा त्यांतल्या पुष्कळांना मारतो. हवेत तगणाऱ्यांत रंगीत जिवाणू बरेच असतात, कारण तो रंग उन्हापासून बचाव करतो. माझ्या बशीतले चकचकीत नारिंगी ठिपके म्हणूनच मला इतके आवडले होते.

यातले बहुतेक आपल्याला काहीच करत नाहीत. उलट दुपारी समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यांत बुरशीचे बीजाणू जमिनीवरच्या हवेपेक्षा कमी असतात, धूळ आणि परागही कमी. दमेकऱ्याला तिथे बरं वाटत असेल तर त्यामागे हे एक कारण असू शकतं. रात्री मतलई वारे सुटले की बागांमधली, पाचोळ्यातली हवा किनाऱ्याकडे येते. आंब्याच्या मोहोरावरची भुरी, तीही बुरशीच, वाऱ्याने पसरते हे बागायतदारांना वेगळं सांगायला नको.

मला काळजी आहे ती घरांची. पावसाळाभर बंद असलेलं घर गणपतीला उघडतं. गाद्यांना बुरा, चामड्याच्या चपलांवर हिरवट लव, कपाटामागच्या ओल्या भिंतीवर काळे डाग. आपण काय करतो? पोचल्यापोचल्या खराटा आणि केरसुणी घेतो. कोरड्या झाडणीने ती बुरशी उठते आणि खोलीभर तरंगत राहते. अशा ओलीत वाढणाऱ्या ॲस्परजिलस या बुरशीचा बीजाणू साधारण २ ते ५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक. तो सरळ फुप्फुसात उतरतो. माझ्या आत्याला दम्याचा सगळ्यात वाईट झटका आला तो किनाऱ्यावर नव्हे, माजघरात, गाद्या झटकताना. आधी दारं-खिडक्या उघडून घर तासन्‌तास वारं खाऊ द्यावं, मग तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावं, आणि दमेकऱ्याला तोवर शेजारी बसवावं. हे लिहिलं तर कोकणाची बदनामी होते असं मला वाटत नाही.

आणि सांडपाणी. कॅलिफोर्नियात इंपीरियल बीचवर नदीतून मैलापाणी समुद्रात येतं. तिथल्या हवेत त्या मैलापाण्यातले जिवाणू लाटांच्या तुषारांमार्फत पोचतात, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळलं. त्यामुळे कुणी आजारी पडलं असं त्यात सिद्ध केलेलं नाही. तरी आपल्या खाडीत गटार सोडताना ‘समुद्र एवढा मोठा, सगळं गिळतो’ असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही.

गणपतीला गावी याल तेव्हा घर उघडायच्या आधी मला कळवा. एक बशी तुमच्या माजघरात ठेवू, एक दुपारी चारला किनाऱ्यावर. त्या कितपत सांगतात ते आता आपल्या दोघांनाही माहीत आहे, पण तीन दिवसांनी झाकण न उघडता, बाहेरूनच, तुम्हीच बघा.