ॲरे बांधा, फोटो काढा, घरी जा

एखाद्या ऑफिसचा सर्व्हर बसवून द्यायचं काम मिळालंय? अभिनंदन. अजिबात घाबरू नका.

लिनक्सच्या मशीनला दोन डिस्क लावा, त्यांचा रेड-१ ॲरे बांधा, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, नाव ठेवा एमडी०. ॲरेची तब्येत दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये चौकटी कंसात ‘यूयू’ (दोन्ही डिस्क चालू) दिसलं की फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. झालं काम.

ॲरे सांभाळणारा प्रोग्राम एमडीएडीएम, त्याच्या सेटिंगच्या कॉन्फ फाइलीला हात लावू नका. ॲरेची ओळ ‘डिटेल स्कॅन’ ही कमांड आयती काढून देते, आपण फक्त चिकटवायची. पण एवढा वेळ आहे कोणाला? चुकून चिकटवलीच, तर इनिटरामएफएस, म्हणजे बूट होताना आधी लोड होणारी छोटी सिस्टिम, नव्याने बनवू नका. बूट होताना कॉन्फची त्यातली जुनी प्रत वाचली जाते, ही गंमत गिऱ्हाइकाला सावकाश कळू दे.

मेलचा पत्ता कोरा ठेवा. डिस्क गेल्याची बातमी कळून कोणाचं भलं झालंय?

बॅकअप? रेड आहे ना!

बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, एफएसटॅबमध्ये, यूयूआयडी (पक्का ओळख क्रमांक) बिलकूल नको, ठसठशीत एमडी० लिहा. ‘डिस्क नसली तरी पुढे चल’ सांगणारं नोफेलही नको. मग शनिवारी रात्री इमारतीची वीज जाते, यूपीएस मान टाकतं. वीज आल्यावर ॲरे जुळतो खरा, पण नाव कॉन्फमध्ये नसल्याने एमडी१२७ या नावाने. सिस्टिम दीड मिनिट एमडी०ची वाट बघते आणि थेट इमर्जन्सी मोड. एसएसएच, म्हणजे लांबून लॉगिन, बंद. मग रविवारी, मेगाब्लॉकात, डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने साकीनाका, वॉचमनला शोधून किल्ली, लिफ्ट अर्थातच बंद. आणि स्क्रीनवर काय? रूट (ॲडमिनचं) खातं लॉक आहे, कन्सोल उघडता येत नाही! आता बूट करायला शोधा पेन ड्राइव्ह. हे सगळं कशापायी, तर जुनी बिलं ठेवलेल्या डेटाच्या डिस्कपायी. सिस्टिम वेगळ्या एसएसडीवर, धडधाकट.

सर्व्हर बसवून गेलेल्या साहेबांना फोन केला तर म्हणतात, “सर, आमच्याकडे चालत होतं. ॲरे करप्ट झाला असेल, परत क्रिएट मारा.”

क्रिएट मारा? दोन्ही डिस्क ठणठणीत, डेटा जसाच्या तसा, नाव तेवढं बदललंय, आणि तुम्ही त्याच डिस्कवर नवा ॲरे बांधायला सांगता? मेटाडेटाची (डिस्कवरच्या ॲरेच्या नोंदींची) आवृत्ती नाहीतर ऑफसेट (डेटा जिथून सुरू होतो ती जागा) चुकला की बसा बोंबलत. असलेला ॲरे जुळवायला असेंबल असतं, क्रिएट नाही. एवढं कळत नसेल तर लोकांच्या सर्व्हरला हात कशाला लावता? जायच्या आधी गिऱ्हाइकासमोर एकदा रीस्टार्ट केला असतात तर तिथल्या तिथे कळलं असतं. तेवढंही केलं नाहीत. निव्वळ आळस. आणि वर व्हिजिट चार्ज मागताय? एक पैसा देणार नाही.