खुलासा : ६ व्होल्टची कॉइल १२ व्होल्टवर 'तशीच चालते' हे खरं नाही

निफाड-दिंडोरीकडच्या शेतकरी गटांत एक संदेश फिरतोय : 'जुन्या ट्रॅक्टरला १२ व्होल्टची बॅटरी टाका, जुनी कॉइल राहू द्या, ठिणगी उलट जोरात पडते.' कृपया असं करू नका.

आपल्या द्राक्षबागांतले ट्रॅक्टर डिझेलचे. त्यांना इग्निशन कॉइल (बॅटरीच्या कमी व्होल्टेजपासून ठिणगीसाठी मोठं व्होल्टेज तयार करणारी गुंडाळी) नसतेच. प्रश्न आहे तो हौसेने जपलेल्या जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरचा. उदाहरणार्थ, १९४७ ते १९५२ मधला फोर्ड ८एन मुळात ६ व्होल्टचा.

ठिणगी सुरुवातीला जोरात पडते, हे खरंच आहे. पण पुढचं संदेशात नाही. समजा कॉइलचा रोध दीड ओहम आहे. ६ व्होल्टवर तिच्यातून ४ अँपिअर जातात, १२ वर ८. प्रवाह दुप्पट, उष्णता चौपट! पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) जळतात, कॉइल तापून निकामी होते.

नुसतं '१२ व्होल्ट' वाचून नवी कॉइल घेणंही पुरेसं नाही, आणि बहुतेक जण इथेच फसतात. काही १२ व्होल्टच्या कॉइल दीड ओहमच्याच असतात. त्यांना बाहेरून बॅलास्ट रेझिस्टर (प्रवाह मर्यादेत ठेवणारा जादा रोध) लागतो. तारा काढून मल्टिमीटरने कॉइलची प्रायमरी (बॅटरीचा प्रवाह घेणारी गुंडाळी) किती ओहमची आहे ते मोजा. तीन ओहमच्या आसपास भरली तर साध्या पॉइंटच्या इग्निशनला रेझिस्टरशिवाय चालते. त्यावर आणखी रेझिस्टर लावला तर ठिणगी मात्र मरते.

इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नका. पॉइंट मिटलेले असले तर योग्य कॉइलही तापते.