स्टुडिओ विकला गेला म्हणून पाळणा हलत नाही

नवरात्रात कालिकेच्या जत्रेत आकाशपाळण्याच्या रांगेत उभे होतो, तेव्हा भाच्याने मोबाइल पुढे केला. तो गंगापूर रोडला ॲनिमेशनचा कोर्स करतो. "मामा, हे वाच. नाशिकचं नशीब उघडणार!" मजकूर मला नवा नव्हता, त्याआधी दोन ठिकाणांहून येऊन गेला होता. तो असा:

"मोठी कंपनी ॲनिमेशन स्टुडिओ विकत घेते तेव्हा त्याची सगळी पात्रं तिची होतात. दोन वर्षांत तिच्या पार्कमध्ये त्यांच्या राइड सुरू, स्पर्धकाच्या बंद! डिस्ने-पिक्सार बघा, युनिव्हर्सल-ड्रीमवर्क्स बघा. उद्या परदेशी कंपनीने आपला देशी स्टुडिओ घेतला की दादासाहेब फाळक्यांच्या नाशकात थीम पार्क नक्की."

बघा म्हणतायत, तर बघूच.

"डिस्ने-पिक्सार बघा." डिस्नेने पिक्सार घेतला २००६ मध्ये, ७४० कोटी डॉलरला. पण 'टॉय स्टोरी'तल्या बझ लाइटइयरची नेमबाजीची राइड फ्लोरिडाच्या डिस्ने पार्कमध्ये सुरू झाली १९९८ मध्ये, म्हणजे खरेदीच्या आठ वर्षं आधी. पिक्सार तेव्हा स्वतंत्र होता. त्याचे चित्रपट डिस्ने वितरित करत असे आणि ती पात्रं पार्कमध्ये वापरायची मुभा त्या करारातून मिळालेली होती. खरेदीनंतरचं ठळक काम म्हणजे कॅलिफोर्नियातला 'कार्स लँड' हा विभाग. तो उघडला २०१२ मध्ये. दोन वर्षांचा हिशोब कुठून आला, ते मेसेज लिहिणाराच जाणे.

पिक्सारच्या खरेदीने पार्कवर परिणाम केलाच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. पिक्सारचे जॉन लॅसेटर डिस्नेच्या ॲनिमेशनचे प्रमुख झाले आणि सोबत पार्क आखणाऱ्या 'इमॅजिनिअरिंग' विभागाचे सल्लागारही. चित्रपट करणारा माणूस राइडच्या आराखड्यापाशी येऊन बसला. माझ्या मते खरेदीतून मिळालेली खरी गोष्ट ही. पात्रं तर आधीपासून घरात होती.

"युनिव्हर्सल-ड्रीमवर्क्स बघा." हे उदाहरण देताना लिहिणाऱ्याने स्वतः काही बघितलं असेल असं वाटत नाही. युनिव्हर्सलची मालक कॉमकास्ट. तिने ड्रीमवर्क्स ॲनिमेशन २०१६ मध्ये ३८० कोटी डॉलरला घेतलं. ड्रीमवर्क्सच्या श्रेकचा फोर-डी खेळ मात्र युनिव्हर्सलच्या पार्कमध्ये २००३ पासून चालू होता. सिंगापूरच्या पार्कमध्ये श्रेकचा राजवाडा आणि मादागास्करचा विभाग, दोन्ही खरेदीच्या कितीतरी आधीचे. इथेही परवाना होता, मालकी नव्हती.

गंमत पुढे आहे. खरेदीनंतर पात्रं वाढायला हवी होती ना? फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या पार्कमधला श्रेकचा खेळ २०२२ च्या जानेवारीत बंद झाला आणि त्या इमारतीत पुढच्या वर्षी मिनियन आले. सिंगापुरातला मादागास्करचा विभागही २०२२ मध्येच गुंडाळला, तिथे २०२५ मध्ये 'मिनियन लँड' उघडलं. हे पिवळे मिनियन इल्युमिनेशनचे. तो स्टुडिओ कोणाकडून विकत घेतलेला नाही, २००७ पासून युनिव्हर्सलच्याच आधाराने उभा राहिलेला. म्हणजे ३८० कोटी मोजून आणलेल्या पाहुण्याला उठवून घरच्या पोराला पाट दिला. एकदा दोन्ही पात्रं एकाच मालकाची झाली की जागेसाठी ती एकमेकांशीच भांडतात, आणि तिकीट कोण जास्त खपवतं त्यावर निकाल लागतो. पडद्यावर गाजलेला प्रत्येकजण पार्कात टिकतोच असं नाही.

ड्रीमवर्क्सला नंतर काहीच मिळालं नाही असं नाही. हॉलिवूडच्या पार्कमध्ये श्रेक उतरवून २०१८ मध्ये कुंग फू पांडा आणला. बीजिंगचं पार्क २०२१ मध्ये उघडलं, त्यात पांडाचा अख्खा छपराखालचा विभाग आहे. ऑरलँडोत मुलांसाठीचं 'ड्रीमवर्क्स लँड' २०२४ मध्ये आलं आणि 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन'मधल्या ड्रॅगनवाल्या पोरांचं बर्क बेट २०२५ मध्ये, तिथल्याच एपिक युनिव्हर्स या नव्या पार्कमध्ये. खरेदीपासून मोजलं तर हे शेवटचे दोन आठ आणि नऊ वर्षांनी. जागा मोकळी करा, आराखडा करा, यंत्रणा बनवून घ्या, मग माणसं बसवण्याआधी महिनोन्महिने रिकामी फिरवा. राइड ही सिनेमाच्या पोस्टरसारखी रातोरात डकवता येत नाही.

"स्पर्धकाच्या बंद." हा मुद्दा सर्वांत लंगडा. फॉक्सच्या टीव्ही कार्टूनमधल्या सिम्पसन कुटुंबाची राइड युनिव्हर्सलमध्ये २००८ पासून आहे. २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा मनोरंजन व्यवसाय घेतला, त्यात सिम्पसनही आले. पुढेही कित्येक वर्षं डिस्नेच्या मालकीची पिवळी मंडळी डिस्नेच्या कट्टर स्पर्धकाच्या पार्कात लोकांना हसवत राहिली. सुपरहिरोंचा मार्व्हल हा काही निव्वळ ॲनिमेशन स्टुडिओ नव्हे, पण उदाहरण चपखल आहे. डिस्नेने तो २००९ मध्ये घेतला, तरी हल्कचा रोलर कोस्टर ऑरलँडोत युनिव्हर्सलकडेच राहिला, कारण मार्व्हल आणि युनिव्हर्सलचा करार १९९४ चा. फ्लोरिडातल्या स्वतःच्या पार्कमध्ये डिस्नेला हल्क वापरता येत नाही!

नाशिककरांना हे समजायला अवघड नाही. रविवार कारंज्याजवळचा एखादा जुना वाडा विकत घ्या. सातबारा म्हणा, सिटी सर्व्हेचा उतारा म्हणा, कागदावर नाव तुमचं लागेल. तळमजल्यावरचा दोन पिढ्यांचा भाडेकरू दुकानदार त्यामुळे गाशा गुंडाळतो का? तो भाड्याची पावती दाखवतो आणि चहा मागवतो.

खरी धास्ती स्पर्धकापेक्षा तिसऱ्यालाच असते. मलेशियात गेंटिंग कंपनी फॉक्सच्या नावाने पार्क बांधत होती. फॉक्स डिस्नेकडे जायच्या बेतात असताना करार फिसकटला आणि गेंटिंगने २०१८ मध्ये १०० कोटी डॉलरहून अधिकचा दावा ठोकला. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि पार्क २०२२ मध्ये उघडलं, 'गेंटिंग स्कायवर्ल्ड्स' या नावाने. पाटीवरून फॉक्स गेलं, पण आत 'आइस एज'ची पात्रं आहेत. या प्रकरणाबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही.

राहता राहिलं नाशिक. दादासाहेबांचा जन्म त्र्यंबकचा, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, आणि आगकाड्या एकेक फ्रेम हलवून त्यांनी छोटी फिल्मही केली होती. अभिमान रास्त आहे. पण परदेशी कंपनीने हैदराबादचा किंवा मुंबईचा स्टुडिओ घेतला, तर पार्क नाशकात का यावं? पार्कला सलग मोठी जमीन लागते, भरपूर पाणी लागतं आणि वर्षभर रोज येणारी गर्दी लागते. सिंहस्थाची गर्दी बारा वर्षांनी येते.

आणि पात्रं लागतातच कशाला विकतची? शिर्डीत साई तीर्थ हे थीम पार्क आहे, आपल्यापासून दोन-अडीच तासांवर. तिथे 'लंका दहन'चा खेळ चालतो. हनुमानाचा परवाना कोणाकडून घ्यावा लागत नाही. दादासाहेबांनीही १९१७ मध्ये याच नावाचा चित्रपट काढला होता. पंचवटीत राहणाऱ्यांनी पात्रांसाठी परदेशातल्या खरेदीची वाट बघावी, हे मला तरी पटत नाही.

भाच्याला एवढं सगळं सांगेपर्यंत रांग सरकली. आमच्या वाट्याला आलेल्या पाळण्यावर मिनियन रंगवलेला होता, डोळा किंचित तिरका, आणि शेजारी छोटा भीम. भाचा म्हणाला, "मामा, यांचा करार कुठंय?" पाळणेवाल्याने दांडा लावला आणि म्हणाला, "हात आत घ्या."